तुम्ही विचारलंत म्हणून: मेघमल्हार असताना हे कशाला?

गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या मुंजीत, प्रश्न ठरलेला. एवढी वर्षं आपलं गाणं शिकलीस, पावसासाठी मल्हाराचे इतके प्रकार आहेत, मग त्या पाश्चात्त्य समूहगायनाच्या क्वायरमध्ये फाइल धरून चुटक्या कशाला वाजवतेस?

चुटक्या वाजवतो, हो. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकरचं 'क्लाउडबर्स्ट', 1992 सालचं. उत्तर कॅलिफोर्नियात गाण्याच्या दौऱ्यावर असताना त्याने वाळवंटी मुलखातला कोसळता पाऊस पाहिला आणि मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझच्या स्पॅनिश कवितेवर हे रचलं. पियानो, घंटा, गडगडाटासाठी हलवायचा पत्रा आणि सगळ्या गायकांच्या चुटक्या, टाळ्या. इथेच तुम्ही हसता. मला खरंच वाईट वाटतं.

बाबा हसले नव्हते. सुट्टीत आले तेव्हा त्यांनी प्रत उघडली आणि पेटी पुढे ओढली. म्हणाले, "तुझी ओळ सरगममध्ये सांग." मी आल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची ओळ दाखवली. "सा कुठला धरू?" तिथेच अडलं. शेवटी एक पट्टी ठरवून त्यांनी माझे स्वर वाजवले. एकच स्वर लांबच लांब, मग शेजारचा, पुन्हा पहिला. दोनदा वाजवून त्यांनी भाता बंद केला. "यात तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, तोच स्वर पुन्हा धरा. त्यांनी धरला, मी क्वायरमधल्या शेजारणीचा स्वर लावला, अगदी लागून असलेला. त्यांचं बोट पट्टीवरून लगेच उचललं गेलं. "बेसूर लागतंय गं." मला शिकवताना त्यांनी हा शब्द फार जपून वापरला होता. त्या दिवशी पुढे गाण्याचा विषय निघाला नाही.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत असे की शेवटी संगीत एकच. आता ते म्हणवत नाही. भातखंड्यांच्या स्वरलिपीच्या पुस्तकातली बंदीश ही आठवणीपुरती, गाणं त्या कागदाबाहेर असतं. इथे जवळजवळ सगळं कागदावर. मला आलाप नाही, तान नाही. स्वरावरून स्वरावर सरकायचं नाही, असं डायरेक्टर सांगतात तेव्हा माझ्या गळ्यातली मींड तडफडते. तुमचं म्हणणं तेवढं खरं आहे.

पण वेगवेगळ्या ओळींचे आठ आवाज एकमेकांना घासत उभे राहतात तेव्हा मला शेजारणीच्या स्वरावर घसरून जायचा मोह होतो. तो आवरून आपल्या जागी ठाम राहायलाही रियाज लागतो. त्यातून जो नाद उठतो तो माझ्या एकटीच्या गळ्यातून कधीच निघणार नाही. मेघमल्हारात पाऊस मी गाते. इथे मी त्या पावसात उभी असते. मला दोन्ही हवं आहे, आणि त्यासाठी कुणाची परवानगी का लागावी?

बाबांना हे पटलेलं नाही. मलाही रोज पटतं असं नाही. तालमीला मात्र जाते. तुम्हीही एकदा कार्यक्रमाला या. रेकॉर्डिंग मागू नका. मोबाइलच्या स्पीकरवर त्या आठ आवाजांचा नुसता गोंगाट होतो.