श्वापदाचा आकडा आणि मावशीचा अंगठा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नोकरीत होतो तेव्हा डबा खाताना कुणीतरी हमखास विचारायचं, आता सोसायटीच्या बाकावर विचारतात: "तुमच्या बायबलात हे सगळं आधीच लिहून ठेवलंय ना हो? आधार, क्यूआर कोड, मूठभर कंपन्यांच्या हातात सगळं जग, जिकडेतिकडे दंगे, आणि मग शेवट?" आमचे वसईचे ख्रिस्ती लोकही विचारतात, फक्त जरा हळू आवाजात.

लिहिलंय, हे खरं. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक, त्याचा तेरावा अध्याय. एक श्वापद समुद्रातून वर येतं, दुसरं जमिनीतून. हे दुसरं लहानथोरांच्या उजव्या हातावर नाहीतर कपाळावर खूण करायला लावतं. खूण नसेल त्याला काही विकत घेता येत नाही, विकताही येत नाही. आकडा ६६६.

तेव्हापासून लोक हा आकडा शोधताहेत. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडवरून विकलं गेलं, आणि पुढे काहींना त्या रेघांत तीन सहा दिसू लागले. मिझोरममध्ये काही ख्रिस्ती लोकांनी याच भीतीने आधार घ्यायचं नाकारलं. पण माझी आवडती गोष्ट साबणाची आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल, म्हणजे आपल्याकडची टाइड-एरियलवाली कंपनी, तिच्या जुन्या चिन्हात चंद्राचा चेहरा आणि तेरा तारे होते. तारे अमेरिकेच्या मूळ तेरा वसाहतींचे. १९८०च्या दशकात अफवा उठली की चंद्राच्या दाढीच्या कुरळ्या केसांत ६६६ लपलेत आणि मालक सैतानाला पुजतात. चर्चमधून पत्रकं वाटली गेली. शेवटी कंपनीने ते चिन्ह पुड्यांवरून काढून टाकलं. अफवा पसरवणाऱ्यांवरचे खटले पुढे कित्येक वर्षं चालले, आणि २००७ मध्ये ज्युरीने १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलरची भरपाई लावली ती अ‍ॅमवेच्या चार माजी वितरकांना. साबणवाल्याला सैतान ठरवलं म्हणून दंड भरायची पाळी आली, तीही साबण विकणाऱ्यांवरच!

मी अभ्यासक नाही, कॉलेजात गणित शिकवायचो. त्यामुळे आकड्याचा उलगडा मला आवडतो. हिब्रूत अक्षरांनाच किमती असतात. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. लॅटिन वळणाने लिहिलं की नावातला शेवटचा 'न' गळतो, आणि त्या 'न'ची किंमत पन्नास. बहुतेक अभ्यासक हाच अर्थ धरतात. प्रकटीकरण लिहिणारा, पत्म बेटावर हद्दपार असलेला योहान आपल्या काळच्या रोमबद्दल सांकेतिक भाषेत लिहीत होता, आणि ज्यांच्यासाठी लिहीत होता त्यांना ते कळत होतं.

"म्हणजे भविष्य नाहीच?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. इथे मराठी शब्द मदतीला येतो. आपल्या बायबलात ज्याला संदेष्टा म्हटलंय तो ज्योतिषी नव्हे. संदेश आणणारा तो संदेष्टा. आमोस म्हणतो, हे लोक चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकतात. यशया म्हणतो, घराला घर आणि शेताला शेत जोडत जाता, दुसऱ्याला जागाच ठेवत नाही, तुमची धडगत नाही.

हा यशया मी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकला. १९९०च्या आसपास वसईत वाड्या विकल्या जात होत्या. दलाल पेढ्यांचा पुडा घेऊनच यायचे. केळीच्या वाडीला पाणी देणाऱ्या विहिरींतून टँकर भरून इमारतींकडे जायचे आणि मागे विहिरीला खारं पाणी लागायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले ते याच काळात. आमच्या फादरनी एका रविवारी यशयाचा तो पाचवा अध्याय वाचला आणि प्रवचन दिलंच नाही, खाली बसले. पुढच्या बाकावर आमचे एक काका होते, त्यांनी आदल्याच आठवड्यात बयाणा घेतला होता. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. वाडी मात्र गेलीच.

दक्षिण आफ्रिकेत तर वाद दोन तेराव्या अध्यायांचा झाला. वर्णभेदी सरकारची बाजू घेणारे बायबलातल्या रोमकरांस पत्राचा तेरावा पुढे करायचे: सत्ता देवाने नेमलेली आहे. १९८५ मध्ये तिथल्या काही पाळकांनी आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी 'कैरोस' नावाचा दस्तऐवज काढला आणि प्रकटीकरणाचा तेरावा समोर ठेवला: सत्ता श्वापदही होऊ शकते. त्यांना जगाच्या शेवटाची तारीख काढायची नव्हती. आणि तारखा काढणाऱ्यांचं काय होतं ते अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ला पाहिलं. त्या दिवशी येशू परत येणार म्हणून रात्रभर वाट पाहिली, सकाळी नेहमीसारखं उजाडलं.

मला विचाराल तर प्रकटीकरणाचा खरा अध्याय तेरावा नाहीच, अठरावा आहे. मोठी बाबेल, म्हणजे बॅबिलोन नगरी, पडते आणि व्यापारी रडतात. कशासाठी? आता आपला माल कोण घेणार म्हणून. मग मालाची यादी येते: सोनं, रुपं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, तेल, गहू, गुरं, घोडे, रथ, आणि सगळ्यात शेवटी माणसांची शरीरं आणि जीव. सोन्यापासून सुरू झालेली यादी माणसावर येऊन थांबते. आमच्याकडे सम वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस रोजच्या मिस्सेत प्रकटीकरण वाचतात. हा अध्यायही येतो, पण नेमून दिलेल्या वचनांतून ती यादी गाळलेली आहे. मुद्दाम गाळली असं मी म्हणत नाही, वाचन आटोपशीर ठेवायचं असणार. पण चंद्राच्या दाढीत आकडे शोधणारे इतके आणि ही यादी वाचणारे इतके कमी, याचं मला नवल वाटतं.

आकड्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. गेल्या वर्षी मावशीबरोबर रेशन दुकानात गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, अजून लाल लुगडं नेसते, सगळा जन्म वाडीत खुरपं आणि पाण्यात गेला. मशीनवर उजव्या हाताचा अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. दुकानदार भला माणूस, त्याने एकेक करून दहाही बोटं लावून पाहिली. रेघाच उरल्या नव्हत्या. "मुलाला घेऊन या, नाहीतर ओटीपी," तो म्हणाला. मुलगा मस्कतला, आधारला जोडलेला नंबरही त्याचाच. मावशीने पिशवीची घडी घातली आणि बाहेर येताना मला विचारलं, "तू मास्तर ना रे? मग सांग, तांदूळ कोणाला द्यायचे ते त्या डब्याला कोणी शिकवलं?"