कुर्ली दोन संध्याकाळींत ओळखली, नाव लिहायला पाच आठवडे

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतली कुर्ली, म्हणजे चिखलातला खेकडा, 'सिला ऑलिव्हेसिया' या जातीची आहे हे ठरवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेच एका संस्थेच्या फॉर्मवर लिहायला पाच आठवडे.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नमुन्यांची पडताळणी हवी होती, म्हणून बरण्या घेऊन गेले. टेबलावरच्या साहेबांनी यादी काढली. त्यात सिलाच्या दोनच जातींची नावं: सेराटा आणि ट्रँक्वेबॅरिका. "लहान, लालसर नांगीची ना? सेराटा लिहा."

म्हटलं, सर, १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी हा सगळा घोळ निस्तरून सिलाच्या चार जाती मांडल्या. आपल्या जुन्या पुस्तकांतली 'सेराटा' बहुतेकदा ऑलिव्हेसियाच असते, आणि ट्रँक्वेबॅरिका म्हणून लिहिलेली थोराड हिरवी कुर्ली, ती खरी सेराटा.

"यादीत नाही."

दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला त्या १९९८च्या शोधनिबंधाची छापील प्रत हवी. ती दिली, तर विभागप्रमुखांचं पत्र. पत्र आणलं, तर टायपिस्टने त्यात 'सेराटा' टाइप केलेलं! "बघा, तुमचेच सर म्हणतायत." त्या दिवशी बरणी तिथेच आपटावीशी वाटली.

(नमुना करणाऱ्यांनो, जिवंत कुर्ली स्पिरिटमध्ये टाकू नका, पाय सोडून देते. आधी फ्रीझरमध्ये ठेवा. आणि त्याच्याही आधी फोटो काढा, रंग उतरतो. सेराटाच्या सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी असते, ती मग दिसेनाशी होते.)

पाचव्या खेपेला आतल्या खोलीतल्या मॅडम बाहेर आल्या. झाकण उघडून कुर्ली उचलली आणि नांगीच्या मनगटाच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. "सेराटाला इथे दोन टोकदार काटे लागले असते. हा एकच, तोही बोथट." मग डोळ्यांमधली कपाळाची कड पाहिली: चार बुटके, गोलसर उंचवटे. दोन मिनिटांत काम झालं.

पाठीच्या कडेचे नऊ-नऊ दात मात्र मोजत बसू नका, ते चारही जातींना असतात. मी पहिली अख्खी संध्याकाळ त्यातच घालवली. बाजारातून कुर्ली घेतलीत तर सुतळी सोडून बघा, मनगट नेमकं तिच्याखाली दडलेलं असतं.

यादीच्या तळाशी आता पेनाने 'ऑलिव्हेसिया' लिहिलंय. साहेबांनी स्पेलिंगमध्ये एक एल जास्त घातलाय. मी काही बोलले नाही.