वाजणारी कळ

पुतण्याने मेकॅनिकल कीबोर्ड घेतलाय, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेला; त्याचे स्विच निळे, वाजणारे. भर दुपारी, सांगलीचं सगळं विश्रामबाग डुलक्या काढत असताना माडीवरून त्याची कटकट चालू असते. मला आवडते. वहिनीला नाही. पण परवा तो म्हणाला, "जुने कीबोर्ड सगळे असेच वाजायचे ना काका?" आणि माझी झोपच उडाली.

असेच? अरे, तुझ्या निळ्या स्विचमध्ये प्लास्टिकचा चिमुकला तुकडा खाली आपटतो, त्याचा हा आवाज. आल्प्स या जपानी कंपनीच्या आवाजी स्विचमध्ये धातूची पातळ पट्टी वाजायची. आयबीएमच्या कीबोर्डात तर स्प्रिंग दबता दबता कंबरेत वाकते आणि नळीच्या भिंतीवर आदळते. त्यातही १९८१चा 'मॉडेल एफ' खणखणीत, १९८५चा 'मॉडेल एम' जरा दबका. खालचा सर्किट बोर्ड जाऊन तिथे कळ दाबल्याची खबर देणारे प्लास्टिकचे पातळ पडदे आले ना! शिवाय एममध्ये नळ्यांची पाटी पोलादी पत्र्याला धरून ठेवणारे प्लास्टिकचे रिव्हेट वयाबरोबर तुटतात. मग एकाच वर्षीचे दोन एम शेजारी ठेवले, तर एकाचा दणका शाबूत आणि दुसरा दात पडलेल्या आजोबांसारखा बोबडा.

गावभागात आमचे तात्या करसल्लागार. त्यांच्याकडे एक एम होता, कुठून आला देव जाणे. वजन दोन किलोच्या वर. मार्चअखेरीला तात्यांचं काम कुठवर आलंय ते जिन्यातच कळायचं. एंटर असा हाणायचे, की समोरच्या अशिलाला वाटावं, सुटलो बुवा! बॅकस्पेस मात्र अलगद, कुणाला कळू नये असा. रविवारी आम्हा पोरांना तो खेळायला मिळे, वायर काढून. आम्ही त्यावर नावं टायपायचो, शिव्याही टायपायचो. उमटत काहीच नव्हतं, त्यामुळे मार पडायचा नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ऑफिसात शिरली. पाणी ओसरल्यावर तात्यांनी तो कीबोर्ड नळाखाली धुतला, गच्चीवर वाळवला. पडद्यांत गाळ गेलेला. अक्षर एक उमटेना. स्प्रिंगांना त्याचं काय? त्या आपल्या कडाकड वाजत होत्या.

पंचनाम्याला माणसं आली. कपाट, पंखा, कॉम्प्युटर, सगळं लिहून झालं. कीबोर्डाशी आल्यावर तात्यांनी लिहिणाऱ्याचा हात धरला.

"हा नका लिहू. वाजतोय की अजून!"