एकाच हॉपवर डबल आयपीए : माझा अनुभव

सिमको या हॉपची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलाची) गोळी तळहातांत चुरली की आधी राळेचा वास येतो, मागोमाग ग्रेपफ्रूटच्या सालीचा, आणि हात नाकाशी जरा वेळ धरून ठेवला तर पिकल्या फळासारखा काहीतरी गोडसर वास. हा वास ग्लासात उतरायला हवा, त्यात दुसऱ्या कुठल्या हॉपची जोड नको, एवढ्या एका हट्टापायी मी तीनदा डबल आयपीए (भरपूर हॉप्सची, जास्त अल्कोहोलची बिअर) केली. पहिल्या दोनदा फसली.

सिमकोच का? एका हॉपकडून तिन्ही कामं करून घ्यायची होती : कडवटपणा, चव आणि वास. काही हॉप्स वासाला सुरेख असतात, पण अल्फा (उकळल्यावर कडवटपणा देणारं आम्ल) इतका कमी की कडवटपणासाठी ढीगभर घालावे लागतात आणि भांड्यात नुसता चोथा साचतो. सिमकोचा अल्फा साधारण १२ ते १४ टक्के. शिवाय अल्फातला कोह्युम्युलोन हा घटक कमी, १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. कमी कोह्युम्युलोनचा कडवटपणा मऊ लागतो असं बरेच ब्रूअर मानतात, आणि माझ्या जिभेलाही ते पटतं.

पहिली रेसिपी मी वाचनातून बांधली. डबल आयपीएचा उगम बहुतेक जण अमेरिकन ब्रूअर विनी सिलुर्झोकडे नेतात. १९९४ मध्ये ब्लाइंड पिग या त्यांच्या ब्रूअरीच्या पहिल्या बॅचला त्यांनी हॉप्स जवळपास दुप्पट केले आणि मॉल्टही (मोड आणून वाळवलेलं धान्य) वाढवलं. यंत्रसामग्री जुनी होती, चवीत काही दोष निघालाच तर हॉप्सखाली झाकला जाईल, हा त्यामागचा हिशेब. मी त्यातलं ‘दुप्पट’ तेवढं उचललं. २० लिटरला ८०० ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट आणि ड्राय हॉप (वासासाठी न उकळता, आंबवणाच्या भांड्यात घालायचे हॉप्स) ३०० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १५ ग्रॅम.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०७८ होती, १.०१८ वर थांबली. ड्राय हॉप घालून चौथ्या दिवशी बाटल्या भरल्या. दोन आठवड्यांनी पहिली उघडली आणि फेसाचा फवारा छतापर्यंत गेला. ग्लासात जेमतेम निम्मी बिअर उरली, तिला लोण्याचा वास, आणि त्याखाली उकळून ठेवलेल्या चहासारखा तुरटपणा. गॅस घालवून हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) सोडला तर १.०१५. बंद बाटलीत ग्रॅव्हिटी ३ अंक खाली आली होती. जाड हातमोजे घालून उरलेल्या बाटल्या आधी फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मग कारण शोधायला बसलो.

कारण जुनंच निघालं. हॉप्समध्ये स्वतःची एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा ती तोडतात आणि थंडावलेलं आंबवण पुन्हा सुरू होतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच नोंदवलंय. आज त्याला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. हे नव्याने सुरू झालेलं आंबवण अर्धवट असताना बाटल्या भरल्या, तर लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल आत राहतं आणि गॅसही वाढत जातो. माझ्या बाटल्यांत दोन्ही होतं. चहासारख्या चवीचंही उत्तर मिळालं. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत ड्राय हॉपच्या मात्रांवर काम झालंय. लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे वास त्या प्रमाणात वाढत नाही, उलट तो चहा-पाल्याकडे झुकतो. म्हणजे माझे निम्मे हॉप्स वाया गेले होते, आणि वर चवही बिघडवून गेले होते.

मग मी हॉप्सचा कागद बाजूला ठेवला आणि मॉल्टपासून पुन्हा सुरुवात केली. चार हॉप्सच्या मिश्रणात एखाद्याची उणीव दुसरा भरून काढतो. इथे एकच हॉप, त्यामुळे क्रिस्टलचा कॅरमेलसारखा गोडवा थेट सिमकोच्या फळाच्या वासावर बसत होता. क्रिस्टल पूर्ण काढलं. ६ किलो पेल मॉल्ट, फेसासाठी २०० ग्रॅम गहू मॉल्ट आणि ४०० ग्रॅम डेक्स्ट्रोज. डबल आयपीएत साखर घालायला पूर्वी माझं मन घेत नसे. पण तिच्यामुळे अल्कोहोल वाढतं आणि बिअरचं अंग जड होत नाही, हे एकदा चाखलं की शंका राहत नाही. मॅश, म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६५ अंशांवर ७५ मिनिटं. ७० टक्के एफिशियन्सी (मॉल्टमधली तेवढी साखर पाण्यात उतरेल असं) धरून १.०७४ ची अपेक्षा होती, तेवढीच आली.

कडवटपणाच्या गणितात घट्ट वर्ट (आंबवण्याआधीचं मॉल्टचं गोड पाणी) आडवं येतं. १२.८ टक्के अल्फाचे ३५ ग्रॅम हॉप्स ६० मिनिटं उकळले, तर १.०५० च्या वर्टमध्ये टिनसेथच्या सूत्राने साधारण ५२ आयबीयू (कडवटपणाचं एकक) मिळतात, १.०७४ मध्ये तेच ४२ वर येतात. पुढे १० मिनिटं बाकी असताना ५० ग्रॅम, त्याचे २१ ते २२. बेरीज ६३ ला मी हात आखडला. आच बंद करून वर्ट ८० अंशांवर आणायचं, १०० ग्रॅम घालून २० मिनिटं ढवळत ठेवायचं. त्या तापमानाला अल्फाचं रूपांतर मंदावतं, पण थोडं होतंच, आणि ती भर मोजता येत नाही. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची डबल आयपीएसाठीची मर्यादा ६० ते १०० आयबीयू आहे, तिच्यात हा कडवटपणा आरामात बसतो. ड्राय हॉप १६० ग्रॅम.

पाण्याचं थोडक्यात सांगतो : क्लोरीन घालवा, आणि पाणी मुळात मऊ असेल तर २८ लिटरला ८ ग्रॅम जिप्सम पुरे. सल्फेट १६० पीपीएमच्या आसपास जातं आणि कडवटपणा नेमका, कोरडा लागतो.

दुसरी बॅच याच कागदावर केली आणि पहिल्या आठवड्यात अप्रतिम लागली. पण ड्राय हॉपसाठी मी ती दुसऱ्या भांड्यात ओतली होती, उघड्या हवेत. तीन आठवड्यांत रंग मळकट तपकिरी झाला, ग्रेपफ्रूट गेलं आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास उरला. पहिल्या बॅचपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटलं, कारण रेसिपी बरोबर होती.

तिसऱ्या वेळी भांडं बदललंच नाही. यूएस-०५ यीस्टची दोन पाकिटं, आंबवण १८ अंशांवर. ग्रॅव्हिटी १.०१६ ला आली, यीस्ट अजून जागं होतं, तेव्हाच ड्राय हॉप त्याच फर्मेंटरमध्ये टाकला. झाकण उघडताना शिरलेला ऑक्सिजन यीस्टनेच खाल्ला. मग थांबलो. १.०१३, १.०१२, १.०११, आणि पुढचे तीन दिवस १.०११. रोज नमुना थोडा गरम करून लोणी हुंगत होतो. ते पूर्ण गेल्यावर बाटल्या भरल्या. अल्कोहोल ८.३ टक्क्यांच्या आसपास.

पहिली बाटली मी आणि माझा ब्रूइंगचा जोडीदार, दोघांनी उघडली. त्याने घोट घेतला नाही, आधी ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाला, “अरे, हे तर पाकीट उघडल्यासारखं येतंय.” मला तीन बॅचेस एवढंच ऐकायचं होतं.

आता नव्या हंगामाचं पाकीट आणलंय, त्यावर अल्फा १३.९ आहे. ६० मिनिटांच्या ३५ ग्रॅमचे ३२ केलेत. बाकी कागद तोच.