सांबा: आधी दुसरी मात्रा, मग हात

सांबा हा ब्राझीलचा ताल शिकायचा म्हटलं की बहुतेकांचे हात आधी स्नेअरकडे, म्हणजे ड्रमसेटमधल्या खरखरीत आवाजाच्या छोट्या ड्रमकडे धावतात. भराभर पडणारे बारीक स्ट्रोक कानाला भुलवतात. पण तिथून सुरुवात केली की महिनाभरात सगळं वाजतं आणि तरीही ते मार्चसारखं ऐकू येतं. सांब्याचा जोर पहिल्या मात्रेवर नसतो, तो दुसऱ्या मात्रेवर असतो. हे अंगात उतरेपर्यंत स्टिक हातात घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

हा जोर येतो सुर्दोमधून, म्हणजे रिओच्या सांबा शाळांतल्या (कार्निव्हलच्या परेडमध्ये उतरणाऱ्या मंडळांतल्या) त्या मोठ्या खर्जाच्या ढोलातून. ताल दोन मात्रांचा. सगळ्यात खोल आवाजाचा पहिला सुर्दो दुसऱ्या मात्रेवर पडतो. त्याहून जरा चढ्या सुराचा दुसरा सुर्दो पहिल्या मात्रेवर उत्तर देतो. तिसरा या दोघांच्या मधल्या जागा कापत फिरतो. मांगेइरा ही शाळा उत्तर देणारा सुर्दो वापरतच नाही, म्हणून तिचा ठेका दोन सेकंदांत ओळखू येतो.

पहिला सुर्दो वाजवताना एका हातात गादीची काठी असते आणि दुसरा तळवा मोकळा. पहिल्या मात्रेला तळवा पानावर (ढोलाच्या ताणलेल्या कातड्यावर) टेकवून आवाज दाबायचा, दुसऱ्या मात्रेला तळवा उचलून काठी मारायची. नवशिका काठीकडे लक्ष देतो आणि तळवा विसरतो. मग दुसऱ्या मात्रेची गुंज पुढच्या पहिल्या मात्रेवर सांडते आणि तालाला कणाच राहत नाही. सुर्दो नसेल तर फ्लोअर टॉम, म्हणजे ड्रमसेटमधला जमिनीवर उभा राहणारा मोठा ड्रम घ्या. तोही नसेल तर मांडी पुरे.

आता बारीक विभाग. प्रत्येक मात्रेचे चार भाग: त-क-धि-मि. ड्रमसेटवर पायाने वाजणारा बेस ड्रम ‘त’ आणि ‘मि’वर, हाय-हॅटचं (जोडझांजांचं) पेडल ‘धि’वर. इथली ठरलेली चूक म्हणजे बेस ड्रमचे दोन्ही ठोके सारखेच जोरात मारणं. ‘मि’ हा पुढच्या ‘त’कडे ढकलणारा हलका ठोका आहे, तो निम्म्याहून कमी आवाजात हवा. आणि दोन ‘त’पैकी दुसरा मोठा. 60 च्या लयीत (मिनिटाला 60 मात्रा) हे साधलं नाही तर 120 ला पोटरी दगड होते, कारण प्रत्येक ठोक्याला आख्खा पाय उचलला जातो. ‘मि’ घोट्यातून, ‘त’ला जरा पायाचं वजन.

पाय बिनघोर चालायला लागले की हात, स्नेअरवर. उजवा-डावा आळीपाळीने, दोन आवर्तनांचे मिळून 16 स्ट्रोक, सगळे पानापासून तीन-चार सेंटिमीटरवरून. त्यात तेलेको-तेको भरायचा. तांबोरिम नावाच्या सहा इंची छोट्या वाद्यावर वाजणारी ही आकृती. जोराचे स्ट्रोक नऊ:

1, 3, 5, 7, 8, 10, 12, 14, 15

नीट बघा. 1, 3, 5, 7 उजव्या हाताचे, 8, 10, 12, 14 डाव्याचे आणि 15 पुन्हा उजव्याचा. म्हणजे 7 आणि 8 हे लागोपाठचे दोन स्ट्रोक आकृतीला उजव्या हातातून डाव्यात टाकतात. बिघडतं ते इथेच. डावा हात कच्चा असतो, 8 उशिरा येतो आणि पुढचा अर्धा भाग मेल्यासारखा वाजतो. फक्त 5 ते 12 एवढाच तुकडा वेगळा काढून घोटा. आणि जोर देण्यासाठी ताकद वाढवू नका, उंची वाढवा: जोराचा स्ट्रोक 15 सेंटिमीटरवरून, बाकीचे होते तिथूनच. बाकीचे वर चढले की नऊ जोर त्यांच्या गर्दीत बुडतात.

ही आकृती मधूनही सुरू होते. तेव्हा आधी 9 ते 16 आणि मग 1 ते 8. कुठला अर्धा आधी हे गाण्याची चाल ठरवते. उलटा अर्धा धरला तर मेट्रोनोमशी (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राशी) सगळं जुळतं, पण गाण्याशी ठेचकाळत राहतं. मेट्रोनोम ही चूक कधीच पकडत नाही. म्हणून गाणं लावून वाजवा.

पांदेइरो म्हणजे झांजा लावलेली डफली. त्यावर हेच चार भाग अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची टाच, पुन्हा बोटांची टोकं असे येतात. उजवा हात एकटा नाचवला की मनगट दुखतं. वाद्य धरलेला हातही हलला पाहिजे, अर्धं काम तोच करतो. पहिल्या मात्रेचा अंगठा दाबून, दुसऱ्या मात्रेचा मोकळा. बघा, इथेही सुर्दोच आहे.

शेवटची अडचण कागदावर लिहिता येत नाही. त-क-धि-मि हे चार भाग सारखे नसतात. ‘धि’ आणि ‘मि’ किंचित लवकर येतात, आणि ‘मि’नंतर पुढच्या ‘त’पर्यंत जरा जास्त जागा उरते. हे मोजून करायला गेलात तर लंगडी चाल होते. रेकॉर्डिंग लावून आधी तोंडाने म्हणा. तोंड जे म्हणतं ते हात आपोआप उचलतात. 120 च्या लयीत सेकंदाला आठ भाग पडतात. तिथे विचार करायला सवडच नसते, त्यामुळे हा डोल 70-80 मध्येच पक्का व्हायला हवा. परेडमध्ये लय 140 च्या आसपासही जाते, पण त्या वेगाची घाई करू नका. 90 ला स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐका, आणि ऐकताना पाय दुसऱ्या मात्रेवर पडतोय की पहिल्या, एवढंच बघा.