तुम्ही विचारलंत म्हणून: देव नाही, मग श्रद्धा कशावर?

"तुम्ही बौद्ध देव मानत नाही म्हणता, आत्माही मानत नाही. मग बुद्धमूर्तीपुढे हात का जोडता आणि श्रद्धा ठेवता ती नेमकी कशावर?" देव मानणारेही हे विचारतात आणि न मानणारेही.

दुःखाला कारण असतं, ते कारण बरंचसं आपल्याच मनात तयार होतं आणि मनाला वळण लावलं तर ते क्षीण होतं. माझी श्रद्धा आहे ती एवढ्यावर. एवढं आधी धरून चालल्याशिवाय रोज उठून ध्यानाच्या बैठकीला कोण बसेल? पुढचं सगळं बसल्यावर तपासायचं. वंदनेत मागणं काहीच नसतं. ज्याने ही वाट चालून दाखवली त्याची आठवण आणि आपणही चालायचं ठरवलंय याची स्वतःला दिलेली कबुली, यासाठी हात जोडायचे.

यावर हमखास बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना केलेला उपदेश पुढे केला जातो: ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. पण अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातल्या त्याच सुत्तात (प्रवचनात) "तर्काला पटतं म्हणूनही मानू नका" असं आहे, ते सोयीने गाळलं जातं. तिथली कसोटी वेगळी आहे. एखादी गोष्ट केल्याने लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात, हे स्वतः पाहायचं आणि जाणती माणसं तिला काय म्हणतात तेही ध्यानात घ्यायचं. पुनर्जन्माबद्दलही मी तिथलंच उत्तर देतो: परलोक असेल तर निर्वैर मनाने जगणाऱ्याचं पुढे भलं होईल, नसेल तरी इथलं जगणं सुखाचं झालंच.

आता रोज करायचं काय?

सुरुवात पंचशीलापासून (हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा टाळण्याचे पाच नियम), कारण शील ढिलं असेल तर ध्यान लागत नाही. दुपारी मारलेली थाप संध्याकाळच्या बैठकीत हटकून वर येते आणि मग सगळा वेळ त्या रुखरुखीत जातो. पाचांपैकी वाणीचं शील मला सर्वांत अवघड वाटतं. बोलण्याआधी पाहायचं: हे खरं आहे का, हिताचं आहे का, ही वेळ योग्य आहे का, आणि बोलताना मनात मैत्री आहे का.

मग आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणं. वीस मिनिटं पुरे. बुडाखाली घडी घातलेलं ब्लँकेट घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहते आणि पाठ आपसूक ताठ होते. लक्ष नाकपुड्यांच्या कडेवर किंवा वरच्या ओठावर, श्वास जिथे स्पष्ट जाणवेल तिथे. मन ठरत नसेल तर श्वास मोजा. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथात त्याचे कर्ते बुद्धघोष यांनी याचा नेमका नियम दिला आहे: मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. पाचाच्या आत मनाला जागा अपुरी पडून ते अस्वस्थ होतं, दहाच्या पुढे श्वास सुटतो आणि नुसते आकडे उरतात.

नवशिक्यांची नेहमीची तक्रार म्हणजे छाती भरून येते, डोकं जड होतं. बहुतेक वेळा श्वास पाहण्याऐवजी ओढला जात असतो. उच्छ्वास संपला की थांबा, पुढचा श्वास आपोआप येऊ द्या.

दुसरी अडचण पेंगेची. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांना डुलक्या येत होत्या तेव्हा बुद्धांनी सांगितलेले उपाय फार मोलाचे आहेत. ज्या विचारात झोप आली तो सोडावा. ऐकलेला धम्म मनात घोळवावा, मोठ्याने म्हणावा. तरीही जात नसेल तर कान ओढावेत, अंग चोळावं, उठून डोळ्यांना पाणी लावावं, चांदण्यांकडे पाहावं, मनात उजेडाची जाणीव धरावी, येरझाऱ्या घालाव्यात. एवढं करूनही पेंग हटलीच नाही, तर उठायची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर सरळ निजावं. यात कुठे धाक नाही, शिक्षा नाही, म्हणून हे सुत्त मला फार जवळचं वाटतं.

श्रद्धेचा प्रश्न इथे पुन्हा येतो. श्रद्धा आणि प्रज्ञा (समज) यांचा तोल राखावा, असं बुद्धघोष म्हणतात. नुसती श्रद्धा बळावली की माणूस भलत्याच जागी विश्वास टाकतो. नुसती प्रज्ञा बळावली की तो चलाख होतो. औषधानेच झालेल्या रोगासारखा त्याला उपाय सापडत नाही. आज मला दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त दिसतात: धम्मावर तासभर वाद घालतील, दहा मिनिटं बसणार नाहीत.

साधना लागू पडतेय का, हे बैठकीत दिसलेल्या प्रकाशावरून किंवा अंगावर आलेल्या शहाऱ्यांवरून ठरवू नका. आधी दोन दिवस धुमसणारा राग आता संध्याकाळपर्यंत निवतो का, ते बघा. काही महिने नेमाने बसूनही फरक दिसत नसेल तर बैठकीची वेळ वाढवू नका. आधी शील तपासा, मग बैठकीत आपण जागे असतो की गुंगीत तेवढा वेळ काढतो ते पाहा, आणि तरीही कळलं नाही तर आपल्याहून जास्त बसलेल्या माणसाला विचारा.