सगळं लॅपटॉपच वाजवतो ना?

मी बेस क्लॅरिनेट वाजवतो आणि शेजारी एक लॅपटॉप असतो. सगळं तोच वाजवतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणी ना कुणी विचारतंच. कॉलेज रोडवरच्या एका घरगुती मैफलीत तर एका काकांनी आडपडदाच ठेवला नाही: "सगळं लॅपटॉपच वाजवतो ना? मग तुम्ही काय करता?"

शंका रास्त आहे. नाशकात हल्ली कराओकेचे ग्रुप इतके झालेत की स्टेजवर एक माणूस, एक वाद्य आणि एक लॅपटॉप दिसला की ट्रॅक लावलाय हेच मनात येतं. साउंडवालाही आधी पेन ड्राइव्ह मागतो. मी उलट त्याच्याकडे दोन माइक मागतो, एक वाद्याच्या कर्ण्यापाशी आणि एक बोटांजवळ. तिथून त्याचं आणि माझं बिनसायला सुरुवात होते.

आधी वाद्याचं. लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट तुम्ही पाहिलंय, बेस क्लॅरिनेट त्याच्या एक सप्तक खाली बोलतं. काळी लांब नळी, वर धातूची वाकडी मान, तळाशी वर वळलेला कर्णा. अडॉल्फ सॅक्स यांनी १८३८ मध्ये त्याचं सुधारित रूप आणलं, पण पुढची शंभरेक वर्षं ते बहुतेक ऑर्केस्ट्रात मागे बसून खर्ज भरत राहिलं. निव्वळ याच वाद्याची पहिली मैफल १९५५ मध्ये चेकोस्लोव्हाकियात योसेफ होराक यांनी केली, असं मानतात. मग हॉलंडचे बेस क्लॅरिनेटवादक हॅरी स्पारनाय आले. १९७२ मध्ये त्यांनी नव्या संगीताच्या वादकांसाठीची गौडेआमुस स्पर्धा जिंकली आणि संगीतकार त्यांच्यासाठी लिहीतच सुटले.

आता लॅपटॉपचं. वाद्याचा सगळ्यात खालचा स्वर साधारण ५८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५८ कंपनं. तो धरून ठेवायचा, बोटं अजिबात हलवायची नाहीत, फक्त ओठांचा दाब आणि घशाची ठेवण बदलायची. क्लॅरिनेटची नळी माऊथपीसच्या टोकाला बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, सुटत नाही. खालच्या स्वराला सा म्हटलं तर आधी पुढच्या सप्तकातला पंचम येतो, आणि आणखी वर त्याच्याही पुढच्या सप्तकातला गंधार. जमलं तर तिन्ही एकदम, एकमेकांवर घासत, खरखरीत. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त इथे तो फुंकेने बाहेर काढावा लागतो.

हा गंधार इतका बारीक की तिसऱ्या रांगेत पोचत नाही. (नाशिक ढोलाच्या गावात बारीक आवाजाचं कौतुक कुणाला सांगायचं, तेही आहेच.) माइक तो उचलतो. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर तेवढाच भाग वेगळा काढून धरून ठेवतं, किंवा काही सेकंदांनी परत सोडतं, आणि तोवर मी त्याच्याखाली दुसरं काही वाजवायला घेतलेलं असतं. कधी काय धरायचं ते मी पायातल्या पेडलने ठरवतो. फुंक न मारता नुसत्या चाव्या आपटल्या तरी जवळच्या माइकमधून त्याचा ठेका होतो. पण मी गप्प बसलो तर लॅपटॉपकडे वाजवायला काहीही नाही. आणि कणसुर लागलेला स्वरही तितक्याच इमानाने परत येतो, हे त्या काकांना कुणीतरी सांगायला हवं.

ट्रॅक लावून वाजवण्याचीही परंपरा आहे, आणि ती कमअस्सल मुळीच नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या १९८५ च्या 'न्यूयॉर्क काउंटरपॉइंट'मध्ये वादक क्लॅरिनेट आणि बेस क्लॅरिनेटचे दहा भाग आधी स्वतःच रेकॉर्ड करतो आणि अकरावा लोकांसमोर वाजवतो. ऐकायला मला ते फार आवडतं, वाजवताना मात्र जीव गुदमरतो. तबलजी निदान नजरेने विचारतो, टेप तुमच्या दमसासाची वाट बघत नाही.

श्वास कधी घेता, असंही विचारतात. त्याचं उत्तर सनईवाल्यांकडे आहे. गालात हवा साठवायची, ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास ओढायचा. बेस क्लॅरिनेटला हवा जास्त लागते, एवढाच फरक.

घरी ऐकणार असाल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. ५८ हर्ट्झ त्या इवल्याशा स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. मी फॅमिली ग्रुपवर क्लिप टाकली की "आवाज नीट येत नाहीये" असं उत्तर येतं, ते त्यामुळेच. भारी हेडफोन नकोत, साधे वायरवाले इयरफोन चालतील.